साबणाच्या पाण्यात लिंबू

तिलक नगरातल्या आमच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. घरमालकांनी ती अडगळीसाठी बांधली होती, पण गेल्या जुलैपासून तिच्यात विभा खानझोडे राहतात. अमरावतीच्या. नागपूरला एम.एस्सी. करून इथल्या फार्मसीच्या वर्गाला शिकवायला आल्या. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, लग्न केलेलं नाही, कॉलेजला सायकलवर जातात. पहिल्या दिवशी विरजणाला चमचाभर दही मागायला त्या खाली आल्या आणि जयपूरला बदली होऊन आल्यापासून पहिल्यांदाच मी दारात उभ्या उभ्या अर्धा तास मराठीत बोलले. मी वाईची, त्या वऱ्हाडातल्या. "काय करून राहिल्या वहिनी?" असं त्यांनी विचारलं की आमची चारू अजून हसते.

रविवारी सकाळी नऊला त्यांच्याकडे चार विद्यार्थी येतात. सगळे हिंदी शाळांत शिकलेले, आणि भौतिक रसायनाचं पुस्तक इंग्रजीत. ते त्यांना जड जातं, म्हणून विभाताई तेच गच्चीवर उन्हात बसून हिंदीत सांगतात. त्यांतला रामजीलाल बस्सीहून पहिल्या बसने येतो आणि उशीर झाला की जिन्यातच चपला काढून पळत वर जातो. चीनची लढाई थांबून महिना झाला होता तरी कॉलनीतल्या बायकांचं जवानांसाठी स्वेटर विणणं चालूच होतं. लोकर घेऊन मीही गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसायचे. निमित्त उन्हाचं, पण खरं सांगायचं तर मला ते ऐकायला आवडायचं. मी इंटर सायन्सपर्यंत शिकले होते. पुढे घरच्यांच्या सांगण्यावरून बी.ए. केलं. विज्ञान सुटलं, त्याची रुखरुख कधी गेली नाही.

पण त्या दिवसांत माझं अर्धं लक्ष कायम चारूकडे असे.

चारू अडीच वर्षांची. दसऱ्याच्या आधी तिला ताप आला आणि तापात आकडी आली. डोळे वर गेले, हात ताठ झाले, ओठ निळे पडले. सगळं मिळून मिनिटभर चाललं असेल, पण त्या मिनिटानंतर मी पूर्वीची राहिले नाही. दोन आठवड्यांनी ताप नसतानाही आकडी आली, तेव्हा डॉक्टरांनी रोजचं औषध सुरू केलं. सकाळ-संध्याकाळ एक-एक चमचा, एकही वेळ चुकवायची नाही. दवाखान्यातला कंपाउंडर पांढरी पूड पाण्यात विरघळवून बाटली भरून द्यायचा. बाटलीवर खाचा कापलेली कागदाची पट्टी चिकटवलेली, सोळा खाचा, आठ दिवसांचं औषध. पहिल्याच दिवशी मी विचारलं, हलवून द्यायचं का? तो म्हणाला, "ज़रूरत नहीं बहनजी, साफ़ घोल है, पानी जैसा."

औषध भयंकर कडू. चारू तोंड मिटून घ्यायची, थुंकायची, उलटी काढायची. "कड़वा है, नको," असं अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत रडायची. निम्मा चमचा फ्रॉकवर सांडायचा. पोटात किती गेलं आणि बाहेर किती पडलं याचा हिशेब लागेना, आणि हिशेब लागला नाही की मला झोप लागत नाही.

म्हणून मी एक युक्ती केली. लिंबाचा घट्ट पाक केला, आंबटगोड. दवाखान्यातलं औषध एका मोठ्या बाटलीत ओतलं, त्यात तेवढाच पाक घातला, पट्टीने मोजून नवी कागदी पट्टी कापली, डिंकाने चिकटवली. पुन्हा सोळाच खाचा. एका खुणेला आता दोन चमचे, पण औषध तेवढंच. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, "कंपाउंडरने तुझ्याकडे शिकायला यावं." चारूने दोन्ही चमचे घटाघट घेतले आणि ओठ चाटले. त्या दिवशी स्वतःवर मी इतकी खूश होते की वाईला आईला पत्र लिहून कळवलं.

दुसऱ्या दिवशी बाटलीच्या तळाशी पांढरी बारीक चकाकी दिसली. आमच्या स्वयंपाकघराला उत्तरेची खिडकी आहे, डिसेंबरात तिथे तूप दगडासारखं होतं. पाक घट्ट होता, गारठ्याने साखर खाली बसली, असं मी म्हटलं. ती ढवळली जाऊ नये म्हणून बाटली अलगद तिरपी करून वरचं स्वच्छ औषध ओतायची सवय मी लावून घेतली. बाटली संपली की तळाची साखर मोरीत ओतायची, बाटली खळखळून धुवायची आणि पुन्हा भरायची.

अशा दोन बाटल्या झाल्या. त्या सोळा दिवसांत चारूला तीनदा आकडी आली.

डॉक्टरांनी पापण्या वर करून पाहिलं, जीभ पाहिली. "दवा बराबर दे रही हैं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एकही वेळ चुकलेली नाही. ते म्हणाले, सोमवारपर्यंत पाहू. पुन्हा आली तर मात्रा दुप्पट करू, आणि त्यानेही थांबली नाही तर दिल्लीला न्यावं लागेल. दिल्लीला कशासाठी, ते मी विचारलं नाही. येताना रिक्षात ह्यांनी माझा हात धरला होता. त्यांनी असं उघड्यावर कधी केलेलं नाही.

त्या रविवारी तिसऱ्या बाटलीत दोनच खाचा उरल्या होत्या. सोमवारी डॉक्टरांकडे जायचं होतं. सकाळचं औषध दहाला. साडेनऊला मी विणकाम घेऊन वर गेले. चारू माझ्याबरोबर होती, लोकरीचा गुंडा घेऊन माझ्याभोवती फिरत होती.

विभाताईंनी सतरंजीवर तीन काचेचे पेले मांडले होते. एका बशीत अंगाच्या साबणाचे किसलेले तुकडे, दुसऱ्या बशीत चिरलेलं लिंबू. पाण्याची बाटली कॉलेजातून आणलेली होती. "यहाँ के कुएँ का पानी लिया तो वो ही पहले गड़बड़ करेगा," त्या सांगत होत्या. "पानी साफ़ चाहिए, तब पता चलेगा किसने क्या किया."

मग त्यांनी विचारलं, "साबुन क्या चीज़ है?"

चौघांतला एक म्हणाला, "नहाने की."

"वो तो है. रसायन में क्या है? नमक है."

रामजीलाल हसला. "बहनजी, नमक तो खारा होता है."

"चखके देखा है कभी?"

"बचपन में देखा था. मार भी पड़ी थी."

सगळे हसले, विभाताईही. मग त्यांनी कोमट पाण्यात साबण विरघळवला. तेल पाण्यात मिसळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्या म्हणाल्या. साबणाच्या आत जे तेलाचं आम्ल आहे, तेही पाण्यात मिसळत नाही. पण सोडियमने त्याचा हात धरला की ते मीठ होतं आणि पाण्यात उतरतं. औषधांतही कितीतरी अशीच आहेत. मूळची पाण्यात राहायला तयार नाहीत, म्हणून त्यांना सोडियमची सोबत दिली जाते. "अब इसमें खटाई डालो. रामजीलाल, नींबू निचोड़."

रामजीलालने लिंबू पिळलं. पेल्यातलं पाणी आधी दुधासारखं झालं, मग त्यात पांढरे कण दिसायला लागले. नासलेल्या दुधात दिसतात तसे.

"देखा? नींबू ने सोडियम को अपने पास बुला लिया. जो बचा, वो पानी में रह नहीं सकता. बाहर आ गया. दवा में ये हो जाए तो सोचो. ऊपर पानी, नीचे दवा. पहले दिन वाले को कुछ नहीं मिला, आखिरी दिन वाले को सब मिल गया."

माझ्या सुया थांबल्या. किती टाके सुटले ते मला नंतर दिसलं. तळाची ती बारीक चकाकी डोळ्यांपुढे आली. साखरेचे खडे चौकोनी असतात. हे बारीक सुयांसारखे होते. ते मला आधीही दिसलं होतं. दिसलं होतं आणि मी त्याला साखर म्हटलं होतं.

मी चारूला कडेवर घेतलं आणि खाली गेले. स्वयंपाकघरात हे स्टोव्हजवळ उभे होते, हातात औषधाची बाटली. दहा वाजायला पाच कमी होते आणि रविवारचं औषध ते देतात.

"अगं, तुझ्या या जयपूरच्या साखरेचं काय करायचं?" ते म्हणाले. "गरम पाणी घातलं, पाच मिनिटं झाली हलवतोय, विरघळायला तयार नाही. म्हटलं, मोरीत कशाला ओतायची, शेवटच्या दोन डोसांत देऊन टाकू. पोरीला गोड लागेल."

मी बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली. "दिलंत का हिला काही?"

"अजून नाही. चारू तुझ्याच कडेवर आहे. काय झालं?"

मी पुन्हा जिना चढले. हे माझ्यामागून चमचा घेऊन तसेच आले.

चार परक्या मुलांसमोर मी विभाताईंना सगळं सांगितलं. पाक, नवी पट्टी, खिडकी, अलगद ओतणं, मोरीत धुतलेल्या बाटल्या. मराठीत सांगितलं, पण लिंबू, दवा, मोरी एवढं तर कुणालाही कळतं. रामजीलालने खाली मान घातली होती.

विभाताईंनी बाटली उन्हात धरली. बराच वेळ पाहिली. "कुठलं औषध, ते माहीत आहे न?"

चिठ्ठीवरचं नाव मला पाठ होतं. फेनोबार्बिटोन सोडियम.

"हं," त्या म्हणाल्या. मला वाटलं, आता त्या म्हणतील, हे असंच झालंय. त्या तसं म्हणाल्या नाहीत. "आधी पाहू. साखर असेल तर साखर निघेल. बसा न वहिनी. उमाकांतराव, तुम्हीपण बसा."

त्यांनी खोलीतून तीन परीक्षानळ्या आणल्या. चमच्याच्या दांड्याने तळातली पांढरी पूड काढली, टिपकागदावर वरचं पाणी टिपलं आणि स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन घेतली. मग चिमूटभर पूड पाण्यात टाकून नळी हलवली. काहीच झालं नाही, पूड तशीच खाली बसली. "शक्कर होती तो अब तक घुल जाती," त्या म्हणाल्या, मला नाही, मुलांना. "अब?"

"सोडा, बहनजी," रामजीलाल हळूच म्हणाला.

"कौन सा?"

"कपड़े धोने वाला."

त्यांनी धुण्याचा सोडा कणभर टाकला. नळी हलवली. पाणी आधी गढूळ होतं, मग पातळ, मग इतकं नितळ की नळीपलीकडे कठड्याला अडकलेली पतंगाची दोरी दिसली. त्यांनी नळी माझ्या हातात दिली आणि वर दोन थेंब लिंबू पिळलं. माझ्या हातात, माझ्या डोळ्यांदेखत, पांढरा ढग खाली उतरला.

"फिर से," चारू म्हणाली आणि टाळ्या वाजवल्या.

मला रडू आलं. ह्यांनी चारूला उचलून दुसरीकडे नेलं. मला एवढंच सुचत होतं की तिला जे मिळायला हवं होतं ते मी मोरीत ओतलं, माझ्या हाताने, आणि तीनदा तिचे ओठ निळे पडलेले पाहिले. आणि आज ह्यांच्या चमच्यातून कितीतरी दिवसांचं औषध एकाच वेळी तिच्या पोटात गेलं असतं.

विभाताईंनी मला रडू दिलं. शहाणपण सांगितलं नाही, पाठीवर हातही फिरवला नाही. फक्त मुलांना म्हणाल्या, "वहिनी ने नापने में कोई ग़लती नहीं की. सोलह के सोलह हिस्से बराबर किए. पर हिस्से बराबर करने का फ़ायदा कब? जब हर बूँद में बराबर हो, तब. लिख लो ये." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "महिना झाला मी तुमच्याकडे ताक पिऊन राहिले. खिडकीतली ती बाटली रोज दिसत होती मला. एकदा विचारायला पाहिजे होतं न मी. हे माझं काम आहे, तुमचं नाही."

हे त्या का म्हणाल्या ते मला कळत होतं आणि तरी ते ऐकून बरं वाटलं. पण काळजी एका वाक्याने जात नाही. डोळे पुसता पुसता मी विचारलं, "मग पोटातही आम्लच असतं ना? तिथेही ते असंच खाली बसेल. म्हणजे औषध देऊन उपयोग काय?"

विभाताई मुलांकडे वळल्या. "सुना? पूरे साल में तुममें से किसी ने ये नहीं पूछा." आणि मग मला, नीट, सावकाश, जणू मी पाचवी विद्यार्थिनी होते: "बसतं. तिथेही बसतं. पण तिथे तो चमचा पूर्ण तिचाच असतो. बारीक कण असतात, पुढे जात जात अंगात भिनतात. पोटात बसलेलं औषध तिचं तिलाच मिळतं. बाटलीत बसलं की सोमवारचं शनिवारला जातं."

त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं की एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि अशी माहीत असणं वेगळं. इंटरला आम्ल, अल्क, क्षार मी वहीभर लिहिले होते. चांगले मार्क मिळाले होते. तेच सगळं माझ्या खिडकीत महिनाभर उभं होतं.

सोमवारी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. विभाताईंनी इंग्रजीत एक चिठ्ठी लिहून दिली होती, पण म्हणाल्या, "सांगायचं तुम्हीच. काय काय मिसळलं, कधीपासून, सगळं." त्या सायकलवरून दवाखान्यापर्यंत आल्या, आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. मी सांगितलं. एक शब्द गाळला नाही. डॉक्टर चिठ्ठी वाचून खुर्चीत मागे टेकले. त्यांनी दुप्पट मात्रेचा कागद आधीच लिहून ठेवला होता. तो त्यांनी माझ्यासमोर फाडला. "ये किसने पकड़ा?" त्यांनी विचारलं. मी बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं. ते उठून दारापर्यंत गेले आणि विभाताईंना नमस्कार करून परत आले.

मात्रा तीच राहिली. नवी बाटली, पाण्यात. आधी औषध, मग लगेच गूळ. चारू रडली, थुंकली, पुन्हा भरवलं. चार दिवसांनी तिला कळलं की यातून सुटका नाही, आणि ती गुळाचा खडा आधीच मुठीत धरून तोंड उघडायला लागली.

पण औषध बरोबर पोहोचतंय हे कळणं आणि ते पुरेसं आहे हे कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी. पुन्हा ताप आल्याशिवाय दुसरी गोष्ट कळणार नव्हती. मी त्या तापाची वाट पाहत होते आणि तो येऊ नये म्हणून मोती डुंगरीच्या गणपतीला रोज हात जोडत होते.

संक्रांतीनंतर तो आला. सकाळी अंग कोमट होतं, अकराला शंभर, बाराला एकशे दोन. हे दौऱ्यावर गेले होते. मी थंड पाण्याच्या पट्ट्या बदलत होते, बदलता बदलता तिच्या बोटांकडे पाहत होते. पहिल्या दोन्ही वेळी आधी बोटं वळली होती.

बाराच्या सुमारास विभाताई खाली आल्या. मी काही कळवलं नव्हतं, अंगणात कपडे वाळत घालताना खिडकीतून दिसलं असावं. त्यांच्या हातात चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा आणि लाल शाई होती. "वर थंडी आहे," त्या म्हणाल्या. "इथे बसून तपासते. चालेल न?" त्या दिवशी वर लख्ख ऊन होतं.

त्या पलंगाच्या पायथ्याशी चटईवर बसल्या, पेपर मांडीवर. मला त्या काही म्हणाल्या नाहीत. देव आहे, सगळं ठीक होईल, असलं काही नाही. मध्ये एकदा उठून त्यांनी पट्टीचं पाणी बदललं. एक वाजता मला भाकरी खायला लावली. चारूने डोळे उघडून त्यांना पाहिलं, "काय करून राहिली?" असं विचारलं आणि पुन्हा मिटले. विभाताई म्हणाल्या, "पेपर पाहून राहिली, बापा. झोप तू."

दोनला एकशे तीन झाला. मी तिच्या दोन्ही हातांची बोटं माझ्या हातात धरून ठेवली. ती गरम होती, मऊ होती, वळत नव्हती. अडीच. तीन. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. साडेतीनला तिच्या कपाळावर घाम फुटला, मग मानेवर, मग फ्रॉक ओला झाला. चारला पारा शंभरवर आला. तिने डोळे उघडून गूळ मागितला. औषधाची वेळ झाली नव्हती तरी मी दिला.

आकडी आली नाही.

मी विभाताईंकडे वळले, काहीतरी बोलायला. त्या पेपर गोळा करून उठत होत्या. "येते वहिनी," त्या म्हणाल्या, "संध्याकाळचं औषध सहाला न? तोवर मी चहा करून आणते." गठ्ठा त्यांनी पलंगावर माझ्याजवळ ठेवला आणि जिना चढून गेल्या.

वरचा पेपर पाहिला. मग दुसरा, तिसरा. बारा वाजल्यापासून त्या खाली मान घालून बसल्या होत्या. एकाही पेपरावर लाल शाईचा ठिपका नव्हता.